कप्तानाचा दगड

न्हाय न्हाय, तिथं नको तांडेल, तिथं बसू नका — त्या दगडाच्या बुडाशी लाल मुंग्यांनी घर केलंय, थळपर्यंत नाचत जाल. हितं या. ह्या कप्तानाच्या दगडावर बसा, ऐसपैस हाय, सावली हाय, आन् मुख्य म्हंजे हितून खालची विहीर सरळ दिसते. बसा खुशाल, कप्तान काय बोलत न्हाय, सगळा गाव बसतो त्याच्यावर. पाय दुखले की मी पण बसते. आता असं हाय — उन्हं त्या चिंचेवरनं उतरली की दादाची गोदू पाण्याला येते, ती यायची तवर तुमी बसा, मी माझं झाडून घेते. तुमाला दादानं वर का धाडलं ते मला ठाऊक हाय हो, लाजू नका. सकाळीच दादा वहिनीला सांगत होता, थळचा धर्मा तांडेल आज मागणं घेऊन येतोय म्हणून, आन् दोघं नवराबायको माझ्याकडं बघून हसत होती. माझ्याकडं बघून कशाला हसायचं? पण लेकीचं लग्न निघालं की आईबापाला कशाचंही हसू येतं, मी मनावर घेतलं न्हाय. उलट मीच म्हटलं, त्यांना वर पाठवा, कबरींच्या आवारातनं विहीर दिसते, पोरीला चार माणसांत उभं करायला नको, बघू दे लांबूनच. बरं केलं की न्हाय? मान हलवू नका नुसती, बोला. न्हाय बोलत? बरं. धर्मा तांडेल बोलत न्हाय हे तर सगळ्या खाडीला ठाऊक हाय.

वर काय बघताय? पांगारा व्हय. बघा, बघण्यासारखाच हाय. पावसाळ्यात हितं कोणी फिरकत न्हाय, कमरेएवढं गवत, दगड कुठं आन् साप कुठं काय कळत न्हाय. पण चैत्र लागला की हे आवार असं होतं. त्या पांगाऱ्याला एक पान न्हाय, नुसता लाल. चाफ्याला पण पान न्हाय, फुलंच फुलं, आन् पडतात कुठं तर नेमकी त्या धाकट्या कबरीवर — ती हातभर लांबीची हाय ना, ती. कुणा फिरंग्याचं पोर असणार. ती मी झाडत न्हाय. बाकी सगळं झाडते, ती तेवढी न्हाय. आता त्या पोराला फुलं आणायला कोण येणार हाय? झाड आणतंय तर आणू दे की. आन् खाडीकडचा वारा सुटला की पलीकडच्या काजूंचा वास येतो, करंजाची कोवळी पानं अशी लकाकतात, तेल लावल्यागत, बुलबुल भांडतात — आन् एवढं सगळं चाललेलं असताना हे आपले गप पडलेत, कोणी साहेब, कोणी पाद्री, कोणी शिपाई. त्या तिकडच्या दगडावर कवटी हाय आन् खाली दोन हाडं. आधी मला भ्या वाटायचं. आता तिच्या डोळ्यांच्या भोकांत मुनियेनं काड्या भरल्यात, बघितल्यात? संसार मांडलाय बाईनं.

आमचे हे होते तवा हेच झाडायचे हितं. कोर्लईचा जुना पाद्री सांगून गेला होता, तेवढं आवार बघत जा, म्हणून. मग हे गेले. दर्यात न्हाय हो — कोळ्याचा माणूस गेला म्हंजे लोकांना दर्याच वाटतो — तापानं गेले, अंथरुणात, आन् खराटा कोपऱ्यात उभा तो उभाच. एक दिवस मी उचलला. भावाच्या घरी राहायचं म्हंजे दिवसभर वहिनीच्या डोळ्यांसमोर किती नाचायचं? वहिनी वाईट न्हाय, तसं म्हणू नका. पण तिथं मी आत्या, मी नणंद, मी केसरबाई ज्यांचं असं झालं त्या. हितं मी कोणी न्हाय. एवढे मोठमोठे साहेब पडलेत, पण एकाचा म्हणून हुकूम न्हाय! हवं तवा झाडायचं, हवं तवा बसायचं, हवं ते बोलायचं. मी बोलते त्यांच्याशी. हसा, हसा.

ती शिरगणती झाली तवाची गंमत सांगू? कारकून घरी गेला तर घरात कोणी न्हाय, म्हणून हितं वर चढून आला बिचारा, बगलेत चोपड्या. विचारतो, बाई, नवऱ्याचं नाव? मी म्हटलं, ते कसं सांगू? म्हणतो, तोंडानं सांग. अहो, दादल्याचं नाव तोंडानं घेतात काय? गेलेला असला म्हणून काय झालं? मी म्हटलं, तुमी नावं घ्या साहेब, बरोबर आलं की मी मान हलवते. मग काय — सदा? न्हाय. बाबाजी? न्हाय. रामा, लक्षुमण, हनुमंता — घामाघूम झाला, ह्याच कप्तानाच्या दगडावर बसला, तुमी बसलात तिथंच. शेवटी गोदूनं खाली विहिरीवरनं बोंब मारून सांगितलं तवा त्याचं लिहून झालं, आन् सगळ्या पाखाडीनं ऐकलं ते वेगळंच. आता तुमचं घ्या, तुमचं नाव मी कसं धडधडीत घेते — धर्मा तांडेल, धर्मा तांडेल — परक्या माणसाच्या नावाची कसली आलीय लाज?

आली काय गोदू? न्हाय, ती शेजारची म्हस हाय. बसा.

आन् ह्या कप्तानाचं तर तुमाला ठाऊकच न्हाय. त्याच्यावर गलबत कोरलंय — उठू नका, तुमच्या मांडीखाली हाय, मागनं बघा — म्हणून तो कप्तान. माझ्या सासूच्या सासूच्या वेळेपासनं कप्तान. होडी दर्यात लोटायच्या आधी कप्तानाला माडीचा पेला द्यायचा, विडी पेटवून दगडावर ठेवायची, आन् फिरंगी म्हणून नारळाऐवजी पाव, रेवदंड्याच्या भट्टीतला, ताजा. शिळा चालत न्हाय त्याला, एकदा शिळा दिला तर म्हणे जाळं फाटलं. तुमच्या बापानं पण ठेवली असेल विडी, थळच्या होड्या काय कमी लागायच्या हितं? तर ह्या गेल्या कार्तिकात कोर्लईचा नवा पाद्री आला, किरिस्तावांना घेऊन, मेणबत्त्या लावायला. त्यानं दगड धुतला, बोट फिरवून फिरवून वाचला, आन् हसायलाच लागला. म्हणाला, केसरबाई, हा तुमचा कप्तान बाप्या न्हाय, बाई हाय! बाई! एवढ्या पिढ्या आमी एका बाईमाणसाला विड्या पाजल्या, तांडेल! माझ्या सासऱ्यानं तर तिच्यापुढं शिव्या दिल्या असतील, त्यांना सवयच होती. गावात कोणाला पटत न्हाय अजून, विड्या चालूच हाईत. पण मला बरं वाटलं, खरं सांगते. मी म्हटलंच, माझी गाऱ्हाणी ह्याला इतकी नेमकी कशी कळतात? बाप्या असता तर कळली नसती.

आन् पुढं ऐका. पाद्री म्हणाला, हिला दोन दादले होते. पहिला मेला, मग दुसरा केला, तो गलबतावरचा. आन् दोघांची नावं दगडावर हाईत, एकाखाली एक, सरळ, उन्हात, कोणीही यावं आन् वाचावं. आमच्यात नवरा गेलेलीचा काय पाट लागत न्हाय? लागतो की. पण कसा लागतो? रात्रीचा लागतो, अंधारात, सवाष्ण बाईनं तोंड बघायचं न्हाय, मागच्या दारानं घरात घ्यायचं — भांडं चोरून आणल्यासारखं. हिचं बघा. गलबत काढलंय, कडेनं वेलबुट्टी काढलीय. मी रोज बोट फिरवते त्याच्यावर — म्हंजे झाडताना, धूळ बसते ना खाचांत. मला काय करायचंय पाटाचं? मी आपलं दगडाचं सांगते.

तर गोदूचं. गोदू चांगली हाय हो, नाकीडोळी नीटस, हसरी, माझ्या हातावर वाढलीय. पण तुमी उद्या म्हणाल केसरनं आधी सांगितलं न्हाय, म्हणून सांगते. झोप फार. डोक्याशी ताशा वाजवला तरी कूस बदलते. भाकरी अजून जाड होते, शिकेल म्हणा. मासळी वाळत घातली आन् कावळे हाकायला बसवली तर कावळ्यांशी बोलत बसते. आन् दर्याचं भ्या! कोळ्याची पोर असून होडीत पाय ठेवला की ओकते. तुमी तांडेल, तुमच्या घरात असं चालेल का? आन् — राग मानू नका — तुमच्या मिशीत आता मीठ पडायला लागलंय, ती अजून सागरगोटे खेळते. तुमाला कशी पायजे, तर जाणती. वाऱ्याचा अंदाज घेऊन होडी लागायच्या आधी चूल पेटवणारी. जाळं विणता येणारी, बाजारात मासळी विकताना भाव न सोडणारी. आन् तुमी बोलत न्हाय, म्हणून ती जरा बोलकी असलेली बरी, न्हायतर घरात दोन मुके बसायचे. दुःख बघितलेली असली तरी चालेल, उलट बरंच, तुमची पण बाईल गेलेली, तुमाला गप बसावंसं वाटलं तर का ते तिला विचारावं लागणार न्हाय. मी चहाडी करत न्हाय हां! मी आपलं सर्वसाधारण बोलते. अशी कोण हाय तर मला काही ठाऊक न्हाय.

ती टोपली बघितलीत? तुमचीच हाय. ह्या कोपऱ्यातल्या उंडीची फळं, वाळवून ठेवलीत, एकही किडकं न्हाय. रेवदंड्याचा तेली दोनदा चढून आला, मी म्हटलं, हे झाड थळच्या होडीचं हाय, तुझं तू दुसरं बघ. ह्याचं कडू तेल नीट लावलं न्हाय तर होडीला किडा लागतो, ते काय मला कळत न्हाय? यंदा फळ कसं लगडलंय बघा. लगडणारच, नवस केला होता ना मी! हिलाच, कप्तानिणीला. म्हटलं, बाई, मला दुसरं काही नको, उंडीला फळ येऊ दे, तुला पावाची अख्खी लादी देईन. परवाच्या साली फळ धरलंच न्हाय, तर तुमी फिरकला न्हाईत अख्खा चैत्र. म्हंजे होड्याच लागल्या न्हाईत. फळ असलं तर थळची होडी लागते — होड्या. होड्या लागतात. कोणाच्या ना कोणाच्या. हसायला काय झालं?

हसा. आता पुढच्या साली तुमी ह्या घरचे जावई, तुमी कशाला वर चढाल? खाली ओटीवर बसाल, वहिनी कोंबडी कापेल, फळं न्यायला गडी धाडाल. वाईट वाटेल मला. वाटेल — कशाला खोटं बोलू, ह्या एवढ्या मेलेल्यांपुढं? चैत्रात एक माणूस येतं, टोपली भरेस्तोवर बसतं, बोलत न्हाय पण ऐकतं. सगळं ऐकतं. वर्षभर मी साठवते, कवटीतल्या मुनियेचं, कारकुनाचं, सासूचं, आन् हा पांगारा फुलला की मला वाटतं, चला, आता सांगायची वेळ आली. ह्या दगडांना सांगते मी, पण दगड हसत न्हाईत हो. तुमी हसता. जाऊ दे. गोदूलाच सांगा मग, हसून दाखवा.

मघापासनं ते मांडीवर पानात काय धरलंय? पाणी ठिबकतंय, धोतर भिजलं तुमचं. थांबा — वास आला. सुरंगी! सुरंगीची वेणी आणलीत! थळपासनं हातात धरून? आन् गोदूला? अहो, काय हे, पोरीचं सुरंगीच्या वासानं डोकं दुखतं, सुंठ उगाळून कपाळाला लावून बसते. मोगरा आणायचा, अबोली आणायची, कोणालाही विचारलं असतं तर सांगितलं असतं. तुमाला हे सुरंगीचं कोणी सांगितलं?

मी? मी कवा सांगितलं?

गेल्या चैत्रात. असेल. व्हय — तवा कप्तानाला, बाप्या समजत होते तरी, वेणी घालत होते मी, आन् म्हटलं होतं, माझ्या डोक्यात आता चालत न्हाय म्हणून दगडाला घालते, पण सुरंगीचा वास आला की अजून हात अंबाड्याकडं जातो. म्हटलं असेन. मी दिवसभर काय काय म्हणते, तुमी कशाला ध्यानात ठेवता? एवढी भरती-ओहोटी, जाळी, वारा, एवढं सगळं ध्यानात ठेवायचं सोडून —

ती बघा! आली गोदू. हिरवं लुगडं, कळशी कमरेवर. बघा लवकर, दोर सोडतेय विहिरीत, आता तोंड हिकडंच हाय तिचं. दिसली? कशी वाटते? अहो, बघा की. विहीर तिकडं हाय, तांडेल, तिकडं. म्हंजे — तुमी बसलात तरी कसे? एवढं मी दगड दाखवला, जागा दाखवली, आन् तुमी विहिरीकडं पाठ करून बसलात? मघापासनं? मग एवढा वेळ बघत काय होतात? पांगारा तर वर हाय. वळा. वळा म्हणते ना. माझ्याकडं काय बघताय, माझ्या तोंडावर काय विहीर हाय?

दादा सकाळी माझ्याकडं बघून हसला. वहिनी पण माझ्याकडंच बघून —

थांबा. बोलू नका. इतकी वर्सं बोलला न्हाईत, आता एकदम काही बोललात तर मी हा खराटा टाकून पळत सुटेन. बसा तसेच. मला जरा — हितं धूळ फार हाय, डोळ्यांत जाते.

काय काय बोलले मी. जाणती पायजे म्हणाले, बोलकी पायजे म्हणाले, बिचाऱ्या पोरीच्या भाकऱ्या काढल्या, नवस सांगितला! आन् तुमी ऐकत बसलात, एक शब्द न बोलता. कसला माणूस हाय हा! आधी सांगता आलं न्हाय तुमाला? — व्हय, खरं हाय, मी बोलू कुठं दिलं.

ऐका आता. पाट लागायचा तर मध्यरात्री लावून घेणार न्हाय मी. भर उन्हात लावायला गाव देणार न्हाय, ते कळतं मला, पण निदान दिवेलागणीला, माणसाचं तोंड माणसाला दिसेल अशा उजेडात. आन् थळला मागच्या दारानं यायची न्हाय. पुढच्या दारानं घ्या, न्हायतर हितंच राहू द्या. तुमच्या पहिलीचा चांदीचा टाक गळ्यात घालीन, आनंदानं घालीन, रोज हळदकुंकू वाहीन, तिचा माझा काही वाद न्हाय. पण चैत्रात होडी हिकडं लावायची, दर साली, उंडीला फळ असो नसो, आन् मी हे आवार झाडून होईस्तोवर थांबायचं. त्या धाकट्याला झाडाची फुलं हाईत, पण बाकीच्यांना मीच एक हाय. नुसती मान हलवू नका. न्हाय, हलवा. हलवा, मान हलवली तरी चालेल.

बघा, खालनं हाक मारतेय. — काय गं? — कोण? वर कोण आलंय म्हणून विचारतेय. — अगं कोण न्हाय! उंडीची फळं न्यायला आलेत, थळचे! — थळचे कोण म्हणते. मेली, हसतेय बघा, कळशी हिंदकळतेय. ठाऊक हाय तिला. सगळ्यांना ठाऊक होतं, एक मलाच न्हाय. — अगं, थळचे ते! ते, धर् — धर् —

आता काय झालं हो मला? मघाशी तर कसं धडधडीत घेत होते.

— गोदू, तूच सांग गं ह्यांचं नाव! — उठा, जा आता. टोपली घ्या, दादा ओटीवर वाट बघत असेल. कप्तानिणीच्या लादीचं मी बघते. आन् ती वेणी ठेवा. न्हाय, दगडावर नको, सुकेल. हितं माझ्या ओंजळीत ठेवा. ठेवा, आन् जा.